त्यानं आजींना पाठीवरून नेलं होतं

कुझुहारा आमच्या वरच्या खोलीत राहायला आला, त्या दिवशी त्यानं गल्लीत घरोघर नूडल्स वाटल्या. नवं बिऱ्हाड आलं की शेजाऱ्यांना नूडल्स द्यायच्या ही आमच्याकडची जुनी रीत. तरुण पोरं ती केव्हाच विसरली होती. हा काडीसारखा, जाड भिंगांच्या चष्म्याचा पोरगा मात्र दारोदार वाकून "आजपासून तुमच्यातलाच आहे, सांभाळून घ्या" म्हणत फिरला. माझ्या सासूबाई सहसा कुणाला चांगलं म्हणत नसत. त्या म्हणाल्या, "आईनं वळण लावलेलं दिसतंय."

ते वळण आईनं लावलेलं नव्हतं, हे पुढे पोलिसांनी सांगितलं. त्याच्या संघटनेचा तसा नियमच होता. शेजाऱ्यांना नमस्कार करायचा. कचरा ठरल्या दिवशीच बाहेर ठेवायचा. दारू नाही, भांडण नाही, वाढवलेले केस नाहीत. लोक आपल्याबद्दल बोलतील असं काहीही करायचं नाही, आणि बोललेच तर चांगलं बोलतील असं वागायचं.

मी हे शांतपणे सांगतेय असं कुणाला वाटेल. माझा आवाजच तसा आहे. कोर्टातही न्यायाधीश मला म्हणाले होते की बाई, तुम्ही फार संयमानं बोलता. संयम कसला. दात आवळून धरले होते मी.

आमचं घर कोबे शहरात, नागाता भागातल्या चढावर होतं. खाली सगळे चपलाबुटांचे कारखाने, त्यामुळे रबराच्या गोंदाचा वास बाराही महिने घरात. माझे यजमान सोकिची उराबे बंदराजवळच्या एका जहाज कंपनीच्या मुख्य इमारतीत दरवान होते. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि आमची मुलगी मिसाओ. त्या वर्षी खनिज तेल कडाडलं होतं, सगळ्याचीच टंचाई होणार या धाकानं दुकानांत बायका संडासच्या कागदासाठी एकमेकींना ढकलत होत्या. आम्हाला वाटलं, वरची खोली रिकामी आहे, भाडेकरू ठेवावा. कुझुहारा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. तसं त्यानं सांगितलं आणि ते खरंही होतं. तो आमच्याशी खोटं फारसं बोललाच नाही. तेच तर.

फेब्रुवारीत सासूबाईंना दम्याचा झटका आला. बाहेर बर्फ पडून पायऱ्या गुळगुळीत झालेल्या. आमच्या गल्लीत वर गाडी येत नाही, खालच्या रस्त्यापर्यंत पायऱ्यांनी उतरावं लागतं. यजमान कामावर. मी दारात उभी राहून कुणाला हाक मारावी या विचारात, तोवर कुझुहारा वरून धावत आला. त्यानं एक शब्द विचारला नाही. पाठ करून खाली बसला, "आजी, मानेला मिठी मारा" म्हणाला, आणि त्यांना पाठीवर घेऊन नुसत्या मोज्यांवर त्या बर्फाळ पायऱ्या उतरला. बुटांनी घसरलो असतो, असं नंतर म्हणाला. दवाखान्यातला डॉक्टर मला म्हणाला, "अजून थोडा उशीर झाला असता तर मी काही करू शकलो नसतो." कुझुहाराच्या पायांची साल निघाली होती. मी त्याच्या तळव्यांना मलम लावलं. माझ्या हातांनी.

त्या दिवसापासून तो आमच्याबरोबरच जेवायला लागला. नको म्हणायचा. मीच ओढून आणायची. मिसाओला गणित शिकवायचा. सासूबाई त्याला माशाचा डोक्याकडचा तुकडा वाढायला लावायच्या, जो आजवर फक्त त्यांच्या मुलाला मिळायचा.

आणि तो यजमानांचं बोलणं ऐकायचा. हे कुणी केलं नव्हतं. दरवानाचं बोलणं कोण ऐकतं? ऑफिसात साहेब लोक मान न हलवता आत जातात. घरी मी कामात, मिसाओ टीव्हीत. हा शिकलेला पोरगा मात्र हातातल्या जेवायच्या काड्या खाली ठेवून ऐकायचा.

"काका, एवढा मोठा दरवाजा, आणि दोघंच?"

"दोघंच कसले. जेवणाच्या सुट्टीत एकटाच असतो. आधी एक जेवून येतो, मग दुसरा. मी आणि तोकुदा."

"आणि तेव्हाच तर सगळी गर्दी."

"तर काय. सगळी ऑफिसं एकदम सुटतात. लिफ्टमधून भातासारखी माणसं सांडतात." यजमान खुशीत यायचे. "परवा एक जण बाकावर केकचा डबा विसरून गेला. तोकुदा म्हणतो, संध्याकाळपर्यंत नाही आला तर आपला."

"मग असं विसरलेलं सामान काय करता?"

"टेबलाखाली ठेवतो. येतं कुणीतरी न्यायला."

मी चहा ओतत होते. मला आठवतं, मी हसले होते. तोकुदाच्या केकच्या हावरेपणावर.

हा तोकुदा यजमानांहून मोठा, एका कानानं बहिरा, बडबड्या माणूस. महायुद्धाच्या काळात त्याच कंपनीच्या जहाजांवर तो स्वयंपाकघरात पोऱ्या होता. दोनदा जहाज बुडालं, दोनदा वाचला. नव्या वर्षाला तो बायकोला घेऊन आमच्याकडे यायचा. कुझुहारा होता त्या वर्षीही आला. थोडी साके, तांदळाची दारू, पोटात गेल्यावर तो नेहमीचं सांगायला लागला. जहाजाच्या तळाशी कोरियातून धरून आणलेली माणसं कशी कोंबलेली असायची, तो त्यांना बादलीनं लापशी सोडायचा, आणि एकदा बादली वर आली ती रिकामी नव्हती, कारण खाली खायला कुणाच्या अंगात त्राणच उरलं नव्हतं. "कंपनीच्या इतिहासाच्या पुस्तकात आहे का हे? नाही," तो म्हणाला. "साहेबांना मी विचारलं होतं. साहेब म्हणाले, तोकुदा, तुझं निवृत्तीचं वय जवळ आलंय."

त्याची बायको त्याला कोपर मारत होती, "पुरे आता, सणाच्या दिवशी." कुझुहाराचे डोळे भरून आले होते. मी पाहिलं. त्यानं दोन्ही हातांनी तोकुदाचा पेला भरला आणि म्हणाला, "तुम्ही हे बोलता, हे फार मोठं आहे."

त्याच सालच्या ऑक्टोबरात त्या इमारतीच्या खालच्या दालनात स्फोट झाला.

बाकावर कुणीतरी कापडात बांधलेला डबा विसरून गेलं होतं. तोकुदानं तो उचलून टेबलाखाली ठेवला. तेवढ्यात कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर फोन आला, इमारत रिकामी करा म्हणून. बोर्डावरच्या मुलीला आधी थट्टा वाटली, मग ती धावत सुटली, पण ती जिन्यात असतानाच स्फोट झाला. तोकुदा आणि आणखी तिघं जागच्या जागी गेले. कित्येकांच्या अंगात काचा घुसल्या. यजमान आधी जेवायला गेले होते, कोपऱ्यावरच्या दुकानात वाटीत तोंड घालून बसले होते, म्हणून वाचले.

ते संध्याकाळी घरी आले तेव्हा केसांत काचेचा चुरा होता आणि एका पायात बूट नव्हता. ओसरीत बसले ते बसलेच. मी काही विचारायच्या आत कुझुहारा कामावरून आला. नेहमीच्याच वेळेला. त्यानं यजमानांना पाहिलं, पिशवी खाली ठेवली, स्वयंपाकघरात जाऊन गरम पाणी आणलं आणि त्यांच्यासमोर बसून त्यांचे पाय धुतले.

"काका, तुम्ही ठीक आहात ना?"

"तोकुदा गेला," यजमान म्हणाले.

कुझुहारानं मान खाली घालून त्यांचे पाय पुसले.

तोकुदाच्या अंत्यविधीलाही तो आला. काळा टाय माझ्या दिराचा, मीच काढून दिला. उदबत्ती लावली, हात जोडले, तोकुदा वहिनींसमोर कपाळ जमिनीला टेकवलं. त्यानंतर आणखी दोन महिने तो आमच्या घरात राहिला, आमच्या बैठ्या टेबलाशी बसून जेवला, आणि मिसाओला अपूर्णांक शिकवले.

मधल्या काळात वर्तमानपत्रांकडे एक पत्रक पोचलं. संघटनेचं नाव 'ठिणगी'. त्यात लिहिलं होतं की या कंपनीनं आशियातल्या गरिबांच्या रक्तावर जहाजं चालवली. आम्ही आधी कळवलं होतं, इमारत रिकामी केली नाही हा कंपनीचा गुन्हा. आणि त्या कंपनीचा पगार खाणारा कुणीही निर्दोष नाही.

त्या आख्ख्या इमारतीत जहाजाच्या तळातल्या माणसांबद्दल तोंड उघडणारा एकच माणूस होता. त्यालाच मारलं होतं त्यांनी.

डिसेंबरात दोन पोलीस आले. त्यांच्याकडे कागदाच्या पाकिटात निळ्या कापडाचा जळका तुकडा होता, बोटभर. त्यावर पांढऱ्या लाटा आणि कोपऱ्यात एका दुकानाच्या नावाचं अर्धं अक्षर. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात पाहुण्यांना दिलेलं कापड होतं ते. ते कोणत्या लग्नासाठी विकलं ते दुकानदारानं सांगितलं होतं आणि हे पाहुण्यांच्या घरोघर फिरत होते.

"तुमच्याकडचं कापड दाखवता का?"

मी कपाट उघडायच्या आतच मला कळलं. त्या कापडात मी कुझुहाराला भाताचे गोळे बांधून द्यायचे. सप्टेंबरात त्यानं सांगितलं होतं, "काकू, माफ करा, तुमचं फडकं कुठंतरी हरवलं." मी म्हणाले होते, एवढ्याशा फडक्याचं काय घेऊन बसलास.

कुझुहाराला छापखान्यात धरलं. त्याच संध्याकाळी यजमानांनाही नेलं. चौकशीला म्हणून नेलं आणि तीन आठवडे सोडलं नाही.

मिझोबे नावाचा इन्स्पेक्टर रोज आमच्या घरी यायचा. वरची खोली उचकून झाली, जमिनीच्या चटया उलटून झाल्या, तरी येऊन बसायचा. कुझुहारा बसायचा त्याच जागी. गोड बोलायचा. एकदा त्यानं मला चांगलं समजावून सांगितलं.

"बाई, यांचे प्रकार असतात. कुणाला वेगळा मुलूख हवा असतो. कुणाला आपला देव सगळ्यांच्या डोक्यावर बसवायचा असतो. कुणाला क्रांती हवी असते. काही ठिकाणी तर सरकारंच आपल्या लोकांना असं घाबरवतात, पण ते माझ्या खात्यात येत नाही." तो स्वतःच हसला. "हेतू हजार, पण रीत ठरलेली. चार माणसं मारायची आणि बाकीच्या लाखोंची झोप उडवायची. मेलेला कोण, याच्याशी त्यांना काही कर्तव्य नसतं. मात्र आतली माहिती लागते, त्यासाठी आतला माणूस लागतो. तो कधी पैसे घेतो, कधी मनानं त्यांच्यातलाच असतो, कधी नुसता बावळट असतो. तुमचे यजमान यांतले कोणते?"

माझ्या हातात किटली होती. ती त्याच्या डोक्यात घालावी असं मला वाटलं, आणि ते वाटलं याची मला आजही लाज नाही.

"तुम्ही बसलाय ना," मी म्हणाले, "तिथंच तोही बसायचा. असंच गोड गोड विचारायचा. मी त्याला चहा दिला, तुम्हालाही देतेय. मग मी कोणत्या प्रकारातली, तेही ठरवून टाका."

आतल्या खोलीतून सासूबाई ओरडल्या, "तोकिए, त्याला चहा देऊ नकोस. सरकारकडून मिळतो त्याला."

यजमानांवर काहीच सिद्ध झालं नाही. काही नव्हतंच. पण सुटून येईपर्यंत एका वर्तमानपत्रानं छापलं होतं, 'दरवानानंच दार उघडलं?' शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं की काहीही छापता येतं, हे मला तेव्हा कळलं. कंपनीनं त्यांना बोलावून चहा पाजला आणि म्हटलं, उराबे, तुम्ही स्वतःहून राजीनामा दिलात तर सगळ्यांनाच बरं पडेल. ते देऊन आले. मासेवाली, जी माझ्याशी तासभर गप्पा मारायची, ती न बोलता मासा गुंडाळून द्यायला लागली. मिसाओच्या वर्गातली एक मुलगी तिला म्हणाली, तुमच्या घरात बॉम्ब बनवतात. आणि गल्लीत खाली राहणाऱ्या कोरियन किम कुटुंबाच्या दारावर कुणीतरी विष्ठा फासली. का, तर पत्रकात कोरियन लोकांचं नाव होतं. त्यांच्या नावानं चार माणसं मारली तेव्हा त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि आता शिक्षाही त्यांनाच. मी आणि किमबाईंनी मिळून ते दार घासलं. ती म्हणाली, "आम्हाला सवय आहे, वहिनी." मला त्या 'सवय आहे'चा इतका राग आला की घासता घासता ब्रश मोडला.

यजमान घरी आले आणि बोलेनासे झाले. जेवताना मान खाली. कुणी साधं "आज काय झालं?" विचारलं तरी दचकायचे. मी एकदा म्हणाले, "अहो, तुम्ही काय केलंत? घरातल्या माणसाशी कामाच्या गप्पा मारल्यात. सगळं जग मारतं." ते म्हणाले, "बाकाचं मी सांगितलं. टेबलाखाली ठेवतो, हे पण मीच सांगितलं."

आम्ही तोकुदाच्या घरी गेलो होतो. वहिनींनी दार अर्धं उघडलं. यजमान पायरीवर वाकून उभे राहिले. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, मला ठाऊक आहे तुम्ही मुद्दाम नाही केलं. पण तुमचं तोंड बघवत नाही मला." आणि दार लावलं. मी त्यांना दोष देत नाही.

खटला दोन वर्षांनी उभा राहिला. सरकारी वकील फाशी मागणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच सुमारास कुझुहाराचा वकील आमच्या दारी आला. सेंगोकु नाव, पन्नाशीचा, ओला कोट हातात धरून उभा.

"मी तुम्हाला खोटं बोला असं सांगायला आलो नाही," तो म्हणाला. "फक्त एक घटना खरी आहे का, एवढंच कोर्टात सांगायचं. त्यानं तुमच्या सासूबाईंना पाठीवरून नेलं होतं?"

"त्यानं सांगितलं तुम्हाला?"

"नाही. तो स्वतःबद्दल काही सांगतच नाही. दवाखान्याच्या डॉक्टरला आठवत होतं."

"म्हणजे मी यायचं आणि कोर्टाला सांगायचं की तो चांगला होता."

"जे घडलं ते सांगायचं."

"चालते व्हा," मी म्हणाले.

तो वाकून गेला. त्या रात्रीच्या जेवणाला सासूबाईंनी वाटी आपटली. "माझ्याकडे असं बघू नका कुणी. त्यानं मला खाली नेलं नसतं तर बरं झालं असतं, असं माझ्याकडून वदवून घ्यायचंय का? मी नाही म्हणणार. मला जगायचं होतं."

"तसं कोण म्हणतंय, आई?" मी म्हणाले.

"तुझं तोंड म्हणतंय."

तेव्हा यजमान बोलले. कित्येक महिन्यांत एवढं लांब वाक्य मी ऐकलं नव्हतं. "अगं, घडलं ते घडलं. ते नाही घडलं असं आपण म्हणायचं, तर मग मी टेबलाचं सांगितलं तेही नाही घडलं म्हणावं लागेल. जा तू. सगळं सांग. त्याच्या बाजूचं तेवढंच नको. सगळं."

म्हणून मी गेले.

कोर्टात शपथ वाचली, सहीच्या जागी नावाचा शिक्का मारला, बसले. कुझुहारा दोन शिपायांच्या मधे, आणखी बारीक झालेला. त्यानं माझ्याकडे पाहून मान लववली. सवयीनं मीही लववणार होते, मानेला तिथंच थांबवलं. मागच्या बाकांवर तोकुदा वहिनी नवऱ्याची तसबीर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांच्याही मागे चारपाच विद्यार्थी, कुझुहाराच्या बाजूचे, छातीशी हात बांधून.

सेंगोकुनं विचारलं, मी सांगितलं. बर्फ, पायऱ्या, मोजे. डॉक्टर काय म्हणाला ते. माशाचा तुकडा, गणित. सेंगोकु म्हणाला, आभारी आहे, एवढंच.

"एवढंच नाही," मी म्हणाले. "मी सगळं सांगायची शपथ घेतलीय."

आणि मी सांगत गेले. त्यानं जेवताना काय काय विचारलं ते. यजमानांनी काय उत्तर दिलं आणि मी कशी हसले ते. नव्या वर्षाला तोकुदांनी बादलीची गोष्ट सांगितली तेव्हा त्याचे डोळे भरले होते ते. यजमानांचे पाय त्यानं धुतले ते. अंत्यविधीला माझ्या दिराचा टाय घालून आला ते. मग मी त्याच्याकडे वळले. न्यायाधीश म्हणाले, बाई, आरोपीला प्रश्न विचारायचा नाही. मी विचारला.

"कुझुहारा, जेवणाच्या सुट्टीत त्या टेबलाशी दोघांपैकी एकच असणार, हे तुला ठाऊक होतं. एक तर काका, नाही तर तोकुदा. दोघांबरोबरही तू एका टेबलाशी बसला होतास. कोण मरणार ते तू नशिबावर सोडलंस. त्या दिवशी सकाळी मला 'येतो काकू' म्हणालास. आता मला एवढंच सांग. आजींना पाठीवर घेतलंस, तेही ठरवून घेतलंस का? आमच्या घरात शिरायला?"

न्यायाधीशांनी मला पुन्हा थांबवलं. त्यालाही सांगितलं की उत्तर द्यायची गरज नाही. पण तो उभा राहिला.

"नाही, काकू," तो म्हणाला. "तेव्हा मनात काहीच नव्हतं. आजींचा श्वास ऐकू आला आणि मी धावलो."

माझ्या अंगाची लाही झाली. तो 'हो' म्हणाला असता तर मी सुटले असते. लांडगा होता, कातडं पांघरून आला होता, असं म्हणून घरी गेले असते. पण हा माणूस होता. म्हातारीचा श्वास अडकला तर तो याला वरच्या मजल्यावर ऐकू जायचा. आणि तरीही तो डबा घेऊन त्या दालनात गेला, बाकावर ठेवला, आणि लिफ्टमधून सांडणाऱ्या माणसांच्या मधून चालत बाहेर आला.

"मग त्यांचे श्वास ऐकू नाही आले तुला?" मी म्हणाले. आवाज चढलाच होता. "की ते कंपनीचे श्वास होते?"

मागचा एक विद्यार्थी ओरडला, "हा राजकीय प्रश्न आहे." शिपायानं त्याला बाहेर काढलं. कुझुहारा खाली बसला, आणि मी दिसेनाशी होईपर्यंत त्यानं मान वर केली नाही, असं सेंगोकुनं नंतर सांगितलं. मला त्याचं काही वाटलं नाही.

त्याला जन्मठेप झाली. निकालपत्रात न्यायाधीशांनी माझी साक्ष घेतली होती. आरोपीत माणुसकी शिल्लक आहे, असं त्यावरून त्यांना दिसलं. बाकीचं मी जे बोलले त्यावरून काय दिसलं ते त्यांनी लिहिलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर तोकुदा वहिनींनी मला गाठलं. तसबीर दोन्ही हातांत धरलेली.

"वाचवलंस त्याला," त्या म्हणाल्या.

"मी सगळंच सांगितलं, वहिनी. तुम्ही ऐकलंत."

"ऐकलं. तुझी सासू घरी जेवतेय. माझा नवरा इथं आहे." त्यांनी तसबीर माझ्यासमोर धरली. "तू खरं बोललीस. पण माझ्या नवऱ्याच्या जिवावर बोललीस."

त्या परत माझ्याशी कधी बोलल्या नाहीत. बाजारात दिसल्या की मी रस्ता सोडायची. माझ्या बाजूनं बोलायला माझ्याकडे पुष्कळ होतं. त्यांच्यासमोर त्यातलं एकही टिकलं नसतं.

निकालानंतर आठवड्याभरात त्या विद्यार्थ्यांपैकी एक जण दारात आला. त्यांच्या मासिकात मी लिहावं, एका कष्टकरी बाईच्या नजरेतून कुझुहारा, असं त्याचं म्हणणं. म्हणाला, "तुम्ही आमच्याच आहात, काकू." अवदसा दाराबाहेर घालवायला आमच्याकडे मीठ टाकतात. मी आत जाऊन मिठाचं भांडं आणलं आणि मूठभर मीठ त्याच्या तोंडावर मारलं. मग दुसरी मूठ. तो डोळे चोळत पायऱ्या उतरत होता, तर सासूबाई खिडकीतून म्हणाल्या, "मीठ महाग झालंय, पाणी मार."

यजमानांना पुढे माशाच्या वड्यांच्या कारखान्यात काम लागलं. तिथं कुणाला त्यांचं नाव ठाऊक नव्हतं. थोडं थोडं बोलायला लागले. पण रस्त्यात बेवारस पिशवी दिसली की पाय खिळायचे, आणि नव्या माणसानं साधं "कुठं असता तुम्ही?" विचारलं की उठून जायचे. सासूबाई आणखी सहा वर्षं जगल्या, सगळ्यांना टोमणे मारत. वरची खोली आम्ही कुणालाही दिली नाही.

मग बऱ्याच वर्षांनी कोबेत मोठा भूकंप झाला. नागाताला आग लागली आणि आमची आख्खी गल्ली जळाली. आम्ही दोघं सरकारनं बांधून दिलेल्या इमारतीत राहायला आलो, पाचव्या मजल्यावर, दोन खोल्या. मिसाओ लग्न होऊन ओसाकात. तिथं एके दिवशी सरकारी खात्यातला एक मध्यमवयीन माणूस आला. पत्ता शोधायला त्याला फार त्रास झाला होता. बूट काढून, गुडघे टेकून बसला.

म्हणाला, कुझुहाराला सोडायचं की नाही, याचा विचार चालू आहे. आत त्याची वागणूक उत्तम आहे. आईवडील वारले, भाऊ ओळख देत नाही. बाहेर आल्यावर जबाबदारी घेणारं कुणीतरी लागतं, राहायला जागा लागते. "त्याला विचारलं की कुणी आहे का, तर त्यानं तुमचं नाव दिलं."

मला वाटलं माझ्या कानात काहीतरी बिघाड झालाय.

"आमचं?"

"तो म्हणाला, त्या घरात मला घरच्यासारखं वागवलं होतं."

मी उठून उभी राहिले. "त्याला कसं सुचलं हे? त्या माणसाला अजूनही कळलं नाही? इतकी वर्षं भिंतीकडे बघून त्याला हे कळलं?" मग मीच स्वतःला आवरलं. म्हातारी माणसं आहोत, बाहेरच्या माणसासमोर तमाशा नको. म्हणाले, "तुमच्या खात्याला कळवा की आमचं जुनं घर जळलं. आता दोनच खोल्या आहेत. जागा नाही."

यजमान खिडकीपाशी पाठ करून बसले होते. ऐकत नाहीत असं मला वाटलं होतं. ते वळले.

"जागा नाही असं लिहू नका, साहेब," ते म्हणाले. "ती आतली खोली रिकामीच असते. जागा आहे, पण आम्ही देत नाही. असं लिहा."

अधिकाऱ्यानं मान लववली, बूट घातले आणि गेला. यजमान पुन्हा खिडकीकडे वळले. मी दार लावून घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत राहिले, जोरजोरात, शेजारणीनं भिंतीवर थाप मारेपर्यंत.